फोर-बाय-फोर गाड्यांची माहिती नेमकी छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहनविषयक पानांवर ‘फोर-बाय-फोर’ हा शब्द अलीकडे फार सढळपणे वापरला जातो. चारही चाकांना ताकद पोचवणारी कुठलीही गाडी त्यात बसवली जाते आणि या गाड्यांकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाची पहिलीच समजूत चुकते. ही आवड वर्षांगणिक मुरत जाणारी आहे. सुरुवातीला माणूस इंजिनाची ताकद, उंच टायर आणि बंपरवरची विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) पाहतो. काही वर्षांनी तोच माणूस गाडीखाली वाकून डिफरन्शियलच्या (धुऱ्यावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दात्यांच्या पेटीच्या) श्वासनळीचे, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळीचे, टोक कुठवर नेले आहे ते तपासतो. मधली वर्षे गाडी मोडून किंवा जीव धोक्यात घालून जाऊ नयेत, म्हणून काही तांत्रिक गोष्टी इथे मांडत आहोत. शेवटी एक विनंती आहे.

आधी प्रकार. १९४१ च्या विलिस जीपपासून चालत आलेली जुनी रचना म्हणजे गरजेपुरती फोर-व्हील ड्राइव्ह. एरवी मागची दोन चाके गाडी ढकलतात. लिव्हर टाकला की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (धुऱ्याकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना जखडते आणि दोन्ही अगदी एकाच गतीने फिरू लागतात. जमीन भुसभुशीत असेल तर हे उत्तम. कोरड्या डांबरावर मात्र यानेच नुकसान होते, कारण वळताना पुढच्या चाकांना मोठा वळसा पडतो. दोन धुऱ्यांमधले अंतर २.४ मीटर असलेल्या गाडीचा मागचा धुरा ५ मीटर त्रिज्येने काटकोनात वळला, तर तो सुमारे ७.८५ मीटर चालतो आणि पुढचा ८.७१ मीटर. फरक ८६ सेंटिमीटरचा, म्हणजे २.३ मीटर परिघाच्या चाकाचा एक तृतीयांशाहून अधिक फेरा. मातीवर चाक किंचित घसरून हा फरक पचवते. डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा तुकडा) आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये किंवा दात्यांमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होते, गाडी कुणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी अडते, लिव्हर परत निघत नाही. अशा वेळी लिव्हरवर जोर लावू नये. सरळ रेषेत चार-पाच मीटर गाडी मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि लिव्हर बोटाने निघतो.

दुसरा प्रकार कायमस्वरूपी चारचाकी ताकदीचा. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल असते, त्यामुळे गाडी डांबरावरही तशीच चालवता येते. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची लाडा निवा ही याची ठळक उदाहरणे. निवा तर वेगळ्या चासीशिवाय बांधलेली छोटी गाडी, तरी तिला लो रेंज (गाडी फार हळू पण जोराने चालवणारे जादा गिअर-प्रमाण) आणि मधले डिफरन्शियल जखडण्याचा लिव्हर दोन्ही होते. हा लॉक महत्त्वाचा आहे. तो नसेल तर चारपैकी एकच चाक हवेत लटकले तरी सगळी गाडी थांबते.

तिसरा प्रकार आज सर्वाधिक खपणारा. मूळ गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि गरज वाटली की इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखालचा बहुपट्टी क्लच मागच्या चाकांना ताकद जोडतो. ओला रस्ता, पातळ चिखल, बर्फाचा पातळ थर यांसाठी ही सोय खरोखर चांगली आहे आणि तिला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण तिच्यात बहुधा लो रेंज नसते, आणि खोल वाळूत बराच वेळ झगडले की क्लच तापतो. मग गाडीचा संगणक मागची चाके सोडून देतो. डॅशबोर्डावर इशारा दिसतो, इंजिन चालू असते, गाडी पुढच्या दोन चाकांवर उरते. थांबून दहा-पंधरा मिनिटे गार होऊ देणे हाच उपाय. या गाडीला आणि लो रेंजच्या गाडीला एकाच नावाने हाक मारली, तर वाचक ती कुठे नेईल याची कल्पना करावी.

आता नवख्याला सर्वांत चकवणारी गोष्ट. साध्या डिफरन्शियलची गाडी फोर-बाय-फोरमध्ये असली तरी तिरक्या खड्ड्यात तिची दोनच चाके फिरतात: पुढचे एक आणि त्याच्या कर्णावरचे मागचे एक. साधे डिफरन्शियल दोन्ही बाजूंना समान पीळ (चाक फिरवणारा जोर) देते, त्यामुळे हवेतल्या चाकाला लागतो तेवढाच क्षुल्लक पीळ जमिनीवरच्या चाकाला मिळतो. इंजिन कितीही दमदार असले तरी यात फरक पडत नाही. गाडीला ब्रेक लावून चाक आवरणारे ट्रॅक्शन कंट्रोल असेल, तर ॲक्सिलरेटर मध्यम आणि स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद थांबावे. घाबरून पाय उचलला की यंत्रणा सुटते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. ट्रॅक्शन कंट्रोल नसेल, तर डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका दाबत ॲक्सिलरेटर धरावा. फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि तेवढाच पीळ दुसऱ्या चाकाकडे जातो. डिफरन्शियल लॉक असेल तर तो अडथळ्याच्या आधी लावावा. चाक वेगाने फिरत असताना लावला तर दाते तुटतात. अडथळा संपताच तो काढावा, विशेषतः पुढचा, कारण तो लागलेला असताना स्टिअरिंग जवळजवळ वळत नाही.

लो रेंजबद्दल ‘जास्त ताकद मिळते’ एवढेच छापले जाते. तिचा खरा उपयोग वेग कमी ठेवण्यात आहे. समजा चाकाचा परीघ वरचाच २.३ मीटर, पहिला गिअर ३.८, धुऱ्याचे प्रमाण ४.३ आणि लो रेंज २.५. हाय रेंजमध्ये इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असताना गाडी ताशी सुमारे ८.४ किलोमीटर चालते, लो रेंजमध्ये ३.४. दगडांच्या उतारावर हा फरक म्हणजे ब्रेकला पाय न लावता उतरणे आणि चाके जखडून घसरणे यांतला फरक आहे. क्लचही वाचतो. अर्धा क्लच दाबून चढ चढवणाऱ्याचा क्लच काही मिनिटांत करपतो, आणि तो वास एकदा आला की प्लेटचे आयुष्य बरेच संपलेले असते.

चढावर गाडी अडली तर काय करायचे, हे चढण्याआधीच ठरलेले असावे. क्लच दाबून मागे घरंगळू देणे आणि गाडी आडवी वळवणे, या दोन गोष्टी कधीही करू नयेत. आडवी गाडी उलटते. मॅन्युअल गाडीत पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, इंजिन बंद पडू द्यावे, हँडब्रेक ओढावा, लो रेंजचा रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडावा, मग ब्रेक हळू सोडत किल्ली फिरवावी. इंजिन रिव्हर्समध्येच सुरू होते आणि गाडी स्वतःच्या इंजिनाला धरून सरळ खाली उतरते. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. तिथे ब्रेक दाबूनच इंजिन सुरू करावे आणि क्लच पूर्ण सुटून गिअरने गाडी धरल्यावरच ब्रेक ढिला करावा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक धरून रिव्हर्स टाकावा आणि ब्रेकवरच उतरावे. दोन्ही अंगठे स्टिअरिंगच्या कड्याबाहेर ठेवावेत, कारण चाक दगडावर आपटले की स्टिअरिंग झटक्यात फिरून अंगठा मोडू शकतो.

टायरमधल्या हवेला या सगळ्यात पहिला मान द्यायला हवा, आणि तिच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जाते. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असेल, तर खडीच्या रस्त्यावर २५ ते २८, चिखलात २० च्या आसपास, कोरड्या वाळूत १५ ते १८. हवा कमी केल्यावर टायर रुंदीला थोडासाच पसरतो. लांबीला मात्र तो बराच टेकतो आणि वाळूवरचा दाब कमी होतो. वाळूत रुतलेली गाडी पुष्कळदा फक्त हवा १५ वर आणून आणि चाकांपुढची वाळू हाताने सारून निघते. दोरीची वेळच येत नाही. १२ च्या खाली जाणे जोखमीचे. जोरात वळवताना टायर रिमच्या कडेवरून निसटतो. कमी हवेवर वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि डांबराला लागताच हवा भरावी, कारण मऊ टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात मुडपतात, तापतात आणि शेवटी फाटतात. धारदार दगडांत फार खाली जाऊ नये, २० ते २२ ठीक. तिथे टायरची फुगलेली भिंतच दगडाच्या तोंडी येते. दाब गार टायरवर मोजावा. पळून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो.

हवा भरण्याचा पंप घेताना आकडेमोड करावी. टायरचे आतले आकारमान ५० लिटर धरले, तर १६ वरून ३२ पीएसआयवर जायला सुमारे ५५ लिटर हवा लागते, चार टायरांना २२० लिटर. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायचा छोटा पंप हे करू शकतो, पण रडतखडत, आणि मधेच तापून थांबतो. मोठा पंप ३० अँपिअरच्या आसपास वीज खेचतो आणि सॉकेटचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. म्हणून त्याच्या तारा थेट बॅटरीला चिमट्याने लावाव्यात, मधे स्वतःचा फ्यूज असावा आणि इंजिन चालू ठेवावे.

उंच टायरांचा मोह सर्वांनाच होतो. २३५/७५ आर १५ हा टायर ७३३ मिलिमीटर उंच असतो. त्याऐवजी ३१ इंची बसवला तर व्यास ७ टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने जात असते, सगळे गिअर ७ टक्क्यांनी लांब होतात, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डाला किंवा चासीला घासतो का तेही पाहावे लागते. याच्या बदल्यात धुऱ्याखालची उंची जेमतेम २७ मिलिमीटर वाढते. तरी ती वाढ खरी आहे, कारण डिफरन्शियलचा गोळा टायर बदलल्यानेच वर जातो. नुसत्या उंच स्प्रिंगने फक्त बॉडी वर जाते. धुरा आहे तिथेच राहतो. मर्सिडीजच्या युनिमोग ट्रकने चाकाच्या हबमध्ये गिअर घालून धुरा चाकाच्या मध्यापेक्षा वर नेला, तो याच अडचणीवर. आणखी एक: चारही टायर एकाच मापाचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत. कायम चार चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असले, तर मधले डिफरन्शियल किंवा क्लच सरळ रस्त्यावरही अखंड घासत राहतो.

स्प्रिंग ५० मिलिमीटरपर्यंत उंच करणे बहुतेक गाड्या सोसतात. त्यापुढे कामे वाढतात. अखंड पुढचा धुरा असलेल्या गाडीत कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग सैल, भटकल्यासारखे होते. पॅनहार्ड रॉडमुळे (धुरा आडवा जागेवर धरणाऱ्या दांड्यामुळे) धुरा एका बाजूला सरकतो, ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर खातात. ताशी ६०-७० ला खड्ड्यात चाक आपटल्यावर पुढचा भाग प्रचंड थरथरू लागतो, त्याचे मूळ बहुतेकदा इथेच सापडते: झिजलेले पॅनहार्डचे बुश, टाय-रॉडची टोके, किंगपिनचे बेअरिंग. अशा वेळी स्टिअरिंग डँपर बदलून दोष झाकण्याची पद्धत धोकादायक आहे.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण इथे जीव जातात. साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तळाची गाडी पाण्यात उभी असेल, तर तळाच्या वर चढणारे प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी तिला सुमारे अर्ध्या टनाने वर उचलते, जोवर ते आत शिरत नाही तोवर. दोन टनी गाडी म्हणूनच कमरेइतक्या वाहत्या पाण्यात सहज सरकते, आणि त्या आधीच तिच्या टायरांवरचा भार निम्म्यावर आलेला असतो. वाहते पाणी पायी तपासण्याइतके शांत नसेल, तर ते गाडी घालण्याइतके शांत नाही. स्नॉर्केलने फक्त इंजिनाला हवा वरून मिळते. वायरिंग, धुरे आणि प्रवासी पाण्यातच असतात.

शांत, उथळ पाण्यात लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर आणि चालण्याइतका वेग ठेवावा. पुढे एक छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे इंजिनाशी पातळी किंचित खाली राहते. मधे गिअर बदलू नये. तापलेला धुरा गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि श्वासनळी तुंबलेली किंवा आखूड असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून दोन्ही धुरे, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या श्वासनळ्या रबरी नळीने बॉनेटखाली उंच नेणे हा सर्वांत पहिला आणि साधा बदल. इंजिन पाण्यात बंद पडले तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून पाहावा, तो ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन फिरवावे. घरी आल्यावर धुऱ्याचा तळाचा बोल्ट ढिला करून दोन थेंब पाहावेत. पाणी तळाशी बसते, म्हणून ते आधी बाहेर येते. तेल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदलावे, बेअरिंग गंजायला आठवडा पुरतो.

रुतलेली गाडी ओढतानाही माणसे मरतात, आणि पुष्कळदा एकाच कारणाने. दोरी ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला अडकवली जाते. झटका आला की गोळा तुटतो आणि तोफगोळ्यासारखा काचेतून आत येतो. चासीला बोल्ट केलेला, भार लिहिलेला हुक किंवा डोळाच वापरावा. वाहतुकीत गाडी बांधून ठेवायची कडी यासाठी नसते. झटका देऊन ओढायचा नायलॉनचा ताणपट्टा ताणून उर्जा साठवतो. त्याची तुटण्याची क्षमता हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी. फार जाड पट्टा ताणतच नाही, मग झटका थेट चासीला बसतो. साखळी किंवा पोलादी दोर झटका देण्यासाठी कधीच नाही. शॅकलवर (दोर अडकवायच्या, पिन असलेल्या यू आकाराच्या कडीवर) ४.७५ टन असा कामाचा भार कोरलेला असावा, पिन पूर्ण फिरवून मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यावी, म्हणजे ती जाम होत नाही. बघ्यांनी पट्ट्याच्या दीडपट लांबीवर उभे राहावे, तेही बाजूला, रेषेत नाही. आणि हे सगळे शेवटी. आधी फावडे, मग हवा, मग चाकाखाली पकड देणाऱ्या कडक पट्ट्या. धुरा जमिनीत रुतलेला असताना ओढले तर लागणारा जोर गाडीच्या वजनाइतका होऊ शकतो.

विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट असावी, २.२ टनाला ३.३ टन. हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. वर दोर जितका गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. पुली लावून दोर परत गाडीला आणला तर ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. ड्रमवर पोलादी दोराचे किमान ५ आणि कृत्रिम धाग्याच्या दोराचे ८ ते १० वेढे उरलेच पाहिजेत. झाडाला दोर थेट गुंडाळू नये. रुंद पट्टा बुंध्याच्या अगदी खाली लावावा. दोर बुंधा कापतो आणि झाड मरते.

देखभालीत दोन गोष्टी नेहमी राहून जातात. एक, महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फोर-बाय-फोरमध्ये गाडी चालवणे. वर्षभर न वापरलेल्या ट्रान्सफर केसचे फोर्क जाम होतात, पुढच्या धुऱ्याची सील कोरडी पडतात आणि पुढची चाके धुऱ्याला जोडणाऱ्या, निर्वातावर चालणाऱ्या हबच्या नळ्या तडकतात. मग नेमक्या वेळी लिव्हर पडतो, दिवा लागतो आणि पुढची चाके फिरत नाहीत. दुसरी, तेल. धुऱ्याच्या हायपॉइड गिअरला जीएल-५ दर्जाचे तेल लागते. तेच पितळी सिंक्रो (गिअर सहज जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये घातले, तर त्यातले गंधक-फॉस्फरसचे घटक पितळेला खाऊ शकतात. गाडीच्या माहितीपुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४च. चिखल-पाण्यातून आल्यावर क्रॉस आणि सरकत्या सांध्याच्या निप्पलांना नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत ग्रीस द्यावे. क्रॉसच्या चारही टोकांतून ग्रीस यायला हवे. एकातून येत नसेल तर ते टोक तुंबले आहे आणि तेच आधी झिजते.

जमिनीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. वाटेवर डबके असेल तर खोली तपासून मधून जावे. प्रत्येक गाडी कडेने गेली की वाट दोन वर्षांत तिप्पट रुंद होते. ओढ्याच्या पात्रातून लांबवर गाडी चालवणे, पावसानंतर भिजलेल्या कुरणात शिरणे, चाके गरगर फिरवून फोटो काढणे हे या आवडीत बसत नाही. फिरणारे चाक मातीचा वरचा थर उपटते आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते.

म्हणून विनंती अशी. आपल्या पानांवर अशा गाडीची ओळख छापताना ताकदीच्या आकड्याशेजारी एवढे द्यावे: ड्राइव्ह कुठल्या प्रकारची आहे, लो रेंज आहे का आणि तिचे प्रमाण किती, कुठली डिफरन्शियले जखडता येतात, अडथळ्यावर न टेकता गाडी पार होण्याचा पुढचा, मागचा आणि मधला कोन किती (तीन दारांच्या नव्या सुझुकी जिमनीचे ३७, ४९ आणि २८ अंश सहज मिळतात, तसे), पाण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा, श्वासनळ्या किती उंचीवर आहेत, ओढण्याचे हुक पुढे-मागे किती आणि किती भाराचे, छतावर चालत्या गाडीत किती किलो चालतात, आणि सुटे चाक पूर्ण मापाचे आहे की तात्पुरते. चार ओळींची जागा पुरेल.

आपले,
फोर-बाय-फोर गाड्या चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक